विचारपूस

गडचिरोलीहून धानोऱ्याकडे निघाले की चातगावजवळ, जंगलाला लागून, एक वस्ती दिसते. बैठी, झोपडीवजा घरे, मधून गेलेल्या पायवाटा, झाडांच्या सावलीत टेकलेली माणसे आणि दंतेश्वरी देवीचे ठाणे. नवख्याला हा गोंडांचा एखादा टोला वाटावा. प्रत्यक्षात हे रुग्णालय आहे. इथे तपासण्या होतात, शस्त्रक्रिया होतात, आणि रुग्णाबरोबर आलेले नातेवाईक रुग्णाजवळच राहतात.

रुग्णालयाला हे रूप कोण्या वास्तुरचनाकाराच्या हौसेने आलेले नाही. ते एका प्रश्नाच्या उत्तरातून आले.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग हे दांपत्य १९८६ साली गडचिरोलीत आले. चंद्रपूरपासून वेगळा होऊन हा जिल्हा जेमतेम चार वर्षांचा झाला होता. दोघांनी नागपूरला वैद्यकशास्त्राचे उच्च शिक्षण घेतले होते, अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याची पदवी मिळवली होती. त्यांनी ‘सर्च’ ही संस्था उभी केली आणि काम सुरू झाले. आजार भरपूर होते, तपासणारे हात तयार होते. तरी जंगलातल्या गावांतली माणसे दवाखान्याची पायरी चढायला तयार नसत.

अशा वेळी शिकलेल्या माणसाच्या डोक्यात उत्तरे तयार असतात. लोक अडाणी आहेत, अंधश्रद्ध आहेत, मांत्रिकाच्या नादी लागलेले आहेत, किंवा त्यांच्याकडे पैसे नाहीत. यातले काही थोडेफार खरेही असते. बंग दांपत्याने मात्र लोकांनाच विचारले, की तुम्ही दवाखान्यात का येत नाही?

डॉ. अभय बंग ती उत्तरे अनेकदा सांगतात. लोक म्हणाले, दवाखान्याची भीती वाटते. तिथले डॉक्टर आणि नर्स पांढऱ्या कपड्यांत वावरतात, आणि पांढरे कापड तर आम्ही मेलेल्या माणसावर घालतो. तिथे आमच्या माणसाला आत नेतात आणि आम्हाला बाहेर काढतात. आजारी माणूस एकटा पडतो. आणि तिथे आमचा देव नाही.

यातले एकही कारण बाहेरच्या माणसाला घरबसल्या सुचले नसते. पांढरा कोट ही डॉक्टरच्या लेखी स्वच्छतेची खूण आहे. त्याने तो वर्षानुवर्षे अभिमानाने घातलेला असतो. त्या कोटात समोरच्याला कफन दिसते, हे त्याला कळणार कसे? ते कोट घालणाऱ्याच्या अनुभवात नाही, पुस्तकात नाही, आणि कितीही सहृदयपणे डोळे मिटून विचार केला तरी डोळ्यांपुढे येत नाही. ते फक्त कोट पाहणारा माणूसच सांगू शकतो.

लोकांशी बोलून, त्यांच्या गावासारखेच दिसणारे रुग्णालय १९९३ साली ‘सर्च’च्या शोधग्राम या परिसरात सुरू झाले. त्याला नाव काय द्यायचे तेही लोकांनीच ठरवले: माँ दंतेश्वरी दवाखाना.

*

दुसऱ्याचे मन जाणण्याबद्दल आपल्याकडे फार जुनी कल्पना आहे ती परकायाप्रवेशाची. मंडनमिश्रांच्या विदुषी पत्नीने वादात शृंगाराविषयी प्रश्न विचारले तेव्हा संन्यासी शंकराचार्यांनी अमरू राजाच्या मृत देहात प्रवेश करून तो अनुभव मिळवला, अशी आख्यायिका आहे. आजही कुणाला उपदेश करायचा झाला की आपण हेच सुचवतो: जरा त्याच्या जागी जाऊन पाहा. सल्ला चांगल्या हेतूचा आहे. आपल्यापलीकडेही कुणी आहे याची आठवण तो करून देतो, आणि तेवढ्यापुरता तो उपयोगीच आहे. पण त्याने समोरचा माणूस कळतो का? गेल्या काही दशकांत मानसशास्त्रज्ञांनी याच प्रश्नाचा बारकाईने पाठपुरावा केला आहे आणि त्यांना मिळालेले उत्तर बहुतेकांच्या समजुतीला धक्का देणारे आहे.

सुरुवात एका साध्या प्रयोगापासून करता येईल. तो घरी करून पाहण्यासारखा आहे. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन या विद्यार्थिनीने १९९० साली आपल्या पीएच.डी.साठी तो केला. जोड्या पाडल्या. एकाने सर्वांच्या ओळखीचे एखादे गाणे मनात धरायचे आणि त्याचा ठेका टेबलावर बोटांनी वाजवायचा. दुसऱ्याने नुसत्या ठेक्यावरून गाणे ओळखायचे. वाजवणाऱ्यांना आधी विचारले, की समोरचा ओळखेल असे वाटते का? सरासरीने त्यांचा अंदाज होता, निम्म्या वेळा तरी ओळखेल. एकूण १२० गाणी वाजवली गेली. ओळखली गेली ३.

असे का होते? वाजवणाऱ्याच्या कानात पूर्ण गाणे सुरू असते. चाल, शब्द, वाद्ये सगळे. त्याला वाटते, हे तर उघडच आहे! ऐकणाऱ्यापर्यंत पोचते ती नुसती टकटक. आणि यातली अडचणीची बाब ही, की वाजवणाऱ्याला हवे असले तरी डोक्यातले गाणे बंद करता येत नाही. गाणे ठाऊक नसलेल्या माणसाला काय ऐकू येत असेल, याची कल्पना करण्यासाठी लागणारे अज्ञान त्याच्याकडे उरलेलेच नसते. आठवीच्या वर्गात बीजगणित शिकवणारे शिक्षक, फॉर्म कसा भरायचा ते खिडकीमागून सांगणारा कारकून, मुलाला ‘एवढं साधं कळत नाही?’ म्हणणारे वडील, हे सगळे त्या टेबलावर ठेका वाजवत असतात. त्यांच्यात दुष्टपणा नसतो. त्यांच्या कानात गाणे चालू असते, एवढेच.

मग कान बंद करून, जाणीवपूर्वक, दुसऱ्याच्या जागी जाण्याचा प्रयत्न केला तर? ताल इयाल, मेरी स्टेफेल आणि निकोलस एप्ली या तिघांनी २०१८ साली तब्बल २५ प्रयोगांची मालिका प्रसिद्ध केली. चेहऱ्यावरून भावना ओळखणे, हसू खरे की खोटे ते सांगणे, समोरचा खोटे बोलतो आहे का ते ताडणे, आपल्याच जोडीदाराला काय आवडेल याचा अंदाज करणे, अशी नाना तऱ्हेची कामे त्यांनी लोकांना दिली. काहींना मुद्दाम सूचना होती: उत्तर देण्याआधी स्वतःला त्या माणसाच्या जागी ठेवून पाहा. ज्यांनी तसे केले त्यांचा आत्मकेंद्रीपणा काहीसा कमी झाला. पण त्यांचे अंदाज इतरांपेक्षा अचूक ठरले नाहीत. काही वेळा आपण बरोबर आहोत हा विश्वास मात्र वाढलेला दिसला. अचूकता कशाने वाढली? मालिकेच्या शेवटी संशोधकांनी काही जणांना त्या माणसाशी आधी बोलू दिले, विषयाला धरून प्रश्न विचारू दिले. त्यांचे अंदाज सुधारले.

हे वाचून कुणी म्हणेल, अनोळखी माणसाचे ठीक आहे, पण आपल्या माणसाचे मन आपल्याला न विचारता कळते. तिथेच तर फसगत जास्त होते. केनेथ सॅवित्स्की आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २०११ साली विवाहित जोडप्यांवर एक अभ्यास प्रसिद्ध केला. खुर्च्या अशा मांडल्या की बसणाऱ्यांच्या पाठी एकमेकांकडे असाव्यात. मग एकाने दोन अर्थ निघतील असे एखादे साधे वाक्य बोलायचे आणि बाकीच्यांनी त्याच्या मनात काय आहे ते ओळखायचे. ऐकणाऱ्यांत बोलणाऱ्याचा जोडीदार होता आणि परकी माणसेही होती. जोडीदाराला आपले म्हणणे नक्की कळेल अशी बोलणाऱ्यांची खात्री होती. प्रत्यक्षात जोडीदाराची उत्तरे परक्यांपेक्षा सरस निघाली नाहीत. ‘आज उशीर झाला’ या तीन शब्दांत काळजी असू शकते, तक्रार असू शकते, किंवा जेवण गार झाले आहे एवढीच बातमी. पंचवीस वर्षांच्या संसारात आपण यातला एक अर्थ गृहीत धरून मोकळे होतो आणि विचारायचे राहून जाते. परक्याशी बोलताना आपण निदान सावध असतो.

*

कल्पनेने दुसऱ्याच्या जागी जाणे कमी पडते, तर मग प्रत्यक्षच जावे, असे वाटणे स्वाभाविक आहे. शाळा-महाविद्यालयांत त्यासाठी उपक्रम होतात. विद्यार्थ्यांच्या डोळ्यांवर पट्टी बांधतात, हातात काठी देतात आणि चालायला लावतात. उद्देश हा, की अंध माणसाचे जगणे त्यांना कळावे.

एरिएल सिल्व्हरमन या संशोधिका स्वतः अंध आहेत. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली या उपक्रमांचाच अभ्यास केला. पट्टी बांधून धडपडलेल्या लोकांना नंतर विचारले, की अंध माणूस नोकरी करू शकेल का, स्वतंत्रपणे राहू शकेल का? त्यांनी अंध व्यक्तींच्या क्षमतेबद्दल इतरांपेक्षा कमी भरवसा दाखवला. आपल्यावर ती वेळ आली तर आपल्याला सावरायला फार काळ लागेल असेही त्यांना वाटले. कारण शोधायला लांब जायला नको. पट्टी बांधल्यावर त्या दहा मिनिटांत माणसाला जे अनुभवाला येते ते अंध माणसाचे आयुष्य नव्हे. तो अचानक दृष्टी गेलेल्या माणसाचा पहिला धक्का असतो. वर्षानुवर्षे पांढऱ्या काठीने रस्ता ओलांडणाऱ्या, ब्रेल वाचणाऱ्या, आवाजावरून गर्दीचा अंदाज घेणाऱ्या माणसाचे कौशल्य त्या पट्टीमागे कुठून दिसणार? विद्यार्थी परततात ते कणव घेऊन. अंध माणसाला हवी असते नोकरी.

प्रस्तुत लेखकाच्या मते या उपक्रमांवर खर्च होणारा वेळ एखाद्या अंध व्यक्तीला वर्गात बोलावून तासभर मुलांना प्रश्न विचारू देण्यात घालवावा. मुले सुरुवातीला बुजतील, मग नोटा कशा ओळखता, स्वप्ने कशी पडतात, स्वयंपाक कसा करता, असे सगळे विचारतील. विचारू द्यावे.

मराठीने या कामासाठी एक नेमका शब्द घडवून ठेवला आहे: विचारपूस. ‘विचारणे’ आणि ‘पुसणे’, दोन्हींचा अर्थ एकच. पुसणे हे क्रियापद या अर्थाने आता शहरी बोलीत फारसे उरले नाही, पण जुन्या मराठीत ते सर्रास आढळते. म्हणजे विचारपूस या शब्दात विचारण्याची कृती दोनदा आली आहे. एकदा विचारून भागत नाही, पुन्हा विचारावे लागते, हे त्यात गृहीत असावे. पोलीस करतात ती चौकशी. तिथे उत्तर हवे असते ते विचारणाऱ्याच्या कामासाठी. आजाऱ्याची, माहेरी आलेल्या लेकीची, पीक बुडालेल्या शेजाऱ्याची करतात ती विचारपूस. तिथे विचारणारा बसतो, पाणी पितो, आणि उत्तर लांबले तरी उठत नाही.

*

डॉ. राणी बंग स्त्रीरोगतज्ज्ञ. गडचिरोलीच्या खेड्यांत त्या बायकांमध्ये बसू लागल्या तेव्हा जगभरच्या आरोग्य योजनांमध्ये ‘ग्रामीण स्त्रीचे आरोग्य’ याचा अर्थ बव्हंशी बाळंतपण आणि कुटुंबनियोजन एवढाच होता. बाई गरोदर असेल तर योजनेत, नसेल तर यादीबाहेर. बायका मात्र वेगळेच बोलत. पाळीचा त्रास, अंगावरून पांढरे जाणे, कंबर धरणे, मूल न होण्याचे दुःख आणि त्यापायी ऐकावे लागणारे बोल. हे पुरुष डॉक्टरला सांगायची सोय नव्हती, आणि घरात सांगून उपयोग नव्हता.

मग दोन गावांत पाहणी झाली. ६५० स्त्रियांची तपासणी झाली, तक्रार असलेल्या आणि नसलेल्याही. १९८९च्या जानेवारीत ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगांपैकी किंवा लैंगिक आजारांपैकी किमान एक आजार होता. दर स्त्रीमागे सरासरी ३.६ आजार. आणि त्याआधी आयुष्यात कधीतरी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या फक्त ८ टक्के. जगाच्या सार्वजनिक आरोग्यक्षेत्राला या आकड्यांनी हादरा दिला. हे आजार १९८९ साली नव्याने उद्भवलेले नव्हते. पिढ्यान्‌पिढ्या बायका ते अंगावर काढत होत्या. कुणी जवळ बसून विचारले नव्हते म्हणून ते विज्ञानाला ठाऊक नव्हते.

राणीताईंनी पुढे या बायकांच्या बोलण्यावर पुस्तक लिहिले. त्याचे नाव ‘कानोसा’. आवाज क्षीण असला, मधे भिंत असली, की आपण कानोसा घेतो.

विचारले की हवे तेच उत्तर येईल याची मात्र खात्री नसते. औषधे घेऊन आलेल्यांना बायकांनी सांगितले, की आमच्या घरातला मोठा आजार दारू आहे. डॉक्टरांनी शिकलेल्या कोणत्याही रोगांच्या यादीत तो पहिल्या क्रमांकावर नव्हता. ‘सर्च’ आणि जिल्ह्यातल्या इतर संघटना, विशेषतः बायका, त्या मागणीमागे उभ्या राहिल्या आणि १९९३ साली गडचिरोली जिल्ह्यात दारूबंदी लागू झाली. बंदीच्या अंमलबजावणीवर पुढे पुष्कळ वाद झाले, ते या प्रकरणाचे विषय नाहीत. इथे लक्षात घ्यायचे ते एवढेच, की आरोग्याचा कार्यक्रम काय असावा हे ठरवण्याचा अधिकार उत्तर देणाऱ्याकडे गेला. पुढे आदिवासी गावांच्या प्रतिनिधींची आरोग्य संसद भरवण्याची प्रथाच ‘सर्च’ने सुरू केली.

हे सगळे पहिल्या दिवसापासून साधले असे नाही. आल्यानंतरच्या सुरुवातीच्या कामांपैकी एक होते सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे संशोधन. शास्त्रीयदृष्ट्या विषय महत्त्वाचा होता, संशोधन यशस्वी झाले. लोकांनी मात्र त्यात रस घेतला नाही, कारण तो प्रश्न त्यांनी मांडलेला नव्हता. डॉ. अभय बंग यांनी या प्रसंगाविषयी मोकळेपणाने सांगितले आहे. लोकांवर संशोधन करणे वेगळे आणि लोकांसाठी, लोकांबरोबर करणे वेगळे, हा धडा तिथे मिळाला असे ते मानतात. यशस्वी ठरलेल्या कामातली उणीव उघडपणे सांगणे किती शास्त्रज्ञांना जमते?

*

विचारण्याने माणूस जवळ येतो हे खरे. पण ऐकलेल्या उत्तराप्रमाणे विचारणाऱ्याने स्वतःत काही बदल केला नाही, तर ते जवळ येणे फार दिवस टिकत नाही. गडचिरोलीतले एक छोटेसे उपकरण यासाठी पाहण्यासारखे आहे.

लहान मुलांच्या मृत्यूचे एक मोठे कारण न्यूमोनिया. तो ओळखण्याची सोपी खूण म्हणजे श्वासाचा वेग. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक, आणि त्याहून मोठ्या बाळाचा ५० किंवा अधिक झाला, तर धोका समजायचा. गावात बाळाजवळ सर्वांत आधी पोचणारी बाई म्हणजे सुईण. तिच्यावर आईचा विश्वास, तिच्या हाताला अनुभव. पण बहुतेक सुइणी निरक्षर होत्या. साठापर्यंत आकडे सलग मोजणे त्यांना येत नव्हते आणि घड्याळ वाचता येत नव्हते.

इथे दोन वाटा होत्या. सुईण या कामाला नालायक आहे असे ठरवून तिला वगळायचे, ही सरकारी खाक्याची वाट. किंवा तिला काय येते ते विचारायचे. दहापर्यंत मोजता येते? येते. मग बंग दांपत्याने मण्यांचे एक साधन बनवले. एका मिनिटात रिकामे होणारे वाळूचे घड्याळ, आणि शेजारी मण्यांच्या दोन ओळी. लहान बाळासाठी सहा मण्यांची, मोठ्यासाठी पाच मण्यांची. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत शेवटचा लाल मणी सरकला, तर न्यूमोनिया. साठ हा आकडा तिला कधी उच्चारावाच लागत नाही. एरवी माणसाला आकड्यांपर्यंत ओढत नेतात. इथे आकडेच तिच्या बोटांपर्यंत आले.

न्यूमोनियाचा हा कार्यक्रम ५८ गावांत राबवला गेला. प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्ते, गावातले आरोग्यसेवक आणि सुइणी बाळांना तपासून औषध देऊ लागले. १९९० साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार या गावांत बालकांचे न्यूमोनियाने होणारे मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा निम्म्याहून कमी होते.

समजून घेणे म्हणजे मान्य करणे नव्हे, याचाही पुरावा याच कामात आहे. आजारी बाळाला औषध न देता देवावर हवाला ठेवणे डॉक्टरांनी मान्य केले नाही. देवीला दवाखान्यात जागा दिली आणि प्रतिजैविकेही दिली.

*

आतापर्यंतच्या उदाहरणांत विचारणारा आणि उत्तर देणारा यांच्यात भांडण नव्हते. जिथे उघड वैर आहे, जिथे एकाला दुसऱ्याचे अस्तित्वच नको आहे, तिथे विचारपूस चालते का?

२००८च्या नोव्हेंबरमध्ये कॅलिफोर्निया राज्यात समलिंगी विवाहांवर बंदी आणणारा प्रस्ताव मतदानाने मंजूर झाला. लॉस एंजेलिसमधल्या समलिंगी हक्कांसाठी काम करणाऱ्या केंद्रातले कार्यकर्ते खचले. मग डेव्हिड फ्लायशर यांच्या नेतृत्वाखाली त्यांनी एक धाडस केले. ज्या वस्त्यांमध्ये आपल्याविरुद्ध मते पडली त्याच वस्त्यांमध्ये ते घरोघर गेले आणि विचारू लागले: तुम्ही आमच्याविरुद्ध मत का दिलेत? वाद घालायचा नाही, उत्तराचा निवाडा करायचा नाही. ऐकायचे, त्यातून पुढचा प्रश्न विचारायचा, मग आपली स्वतःची गोष्ट सांगायची, आणि समोरच्याला त्याच्या आयुष्यातला असा प्रसंग आठवायला सांगायचा, जेव्हा लोकांनी त्याला वेगळा म्हणून बाजूला काढले होते.

या पद्धतीचा उपयोग होतो असा दावा करणारा शोधनिबंध २०१४ साली ‘सायन्स’मध्ये आला आणि खूप गाजला. तो खोटा निघाला. डेव्हिड ब्रूकमन आणि जोशुआ काल्ला हे दोन तरुण संशोधक तसाच अभ्यास करायला बसले असता त्यांना त्यातल्या आकडेवारीत गफलत दिसली. त्यांनी ती उघड केली आणि २०१५ साली निबंध मागे घेतला गेला. बनावट पुराव्यामुळे ही पद्धतच मोडीत निघाली असती. पण त्याच दोघांनी मायामीत खरा प्रयोग पार पाडला. ५६ कार्यकर्त्यांनी ५०१ मतदारांच्या दारात जाऊन बोलणी केली, प्रत्येकाशी साधारण दहा मिनिटे. विषय तृतीयपंथी नागरिकांच्या हक्कांचा. २०१६ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले: पूर्वग्रह कमी झाला होता, आणि तीन महिन्यांनंतरही तो परिणाम टिकून होता. कार्यकर्ता स्वतः तृतीयपंथी असो वा नसो, परिणाम दिसला.

बोलण्यातल्या कोणत्या भागाने हे घडले, याचाही शोध ब्रूकमन आणि काल्ला यांनी पुढे घेतला. दुसऱ्याच्या जागी स्वतःला कल्पून पाहण्याने खात्रीशीर फरक पडताना दिसला नाही. दुसऱ्याची गोष्ट ऐकण्याने पडला, आणि निवाडा न करता झालेल्या देवाणघेवाणीने पडला. २५ प्रयोगांतून निघालेला निष्कर्ष आणि दारात उभे राहून केलेल्या संभाषणांचा निष्कर्ष असे एकमेकांना येऊन मिळतात.

यात एक दुखरी जागा आहे आणि ती झाकून चालणार नाही. ज्याच्यावर अन्याय झाला त्यानेच दार ठोठावायचे, त्यानेच शांतपणे विचारायचे, हे ओझे कुणावर पडते? मायामीच्या दारांत उभ्या असलेल्या तृतीयपंथी कार्यकर्त्यांना स्वतःबद्दल काय काय ऐकून घ्यावे लागले असेल! म्हणून ज्याच्या हातात अधिकार आहे, खुर्ची आहे, पांढरा कोट आहे, त्याने आधी विचारावे. गडचिरोलीत डॉक्टरांनी विचारले, रुग्णांना विचारावे लागले नाही. तो क्रम फार महत्त्वाचा आहे.

*

गडचिरोलीच्या ३९ गावांत १९९५-९६ साली ७६३ नवजात बाळांचा घरोघर जाऊन अभ्यास झाला. जवळपास निम्म्या बाळांना धोक्याचे ठरू शकेल असे काही ना काही आजारपण आले. वैद्यकीय मदत पोचली ती २.६ टक्के बाळांपर्यंत. बाळंतपणे बहुतेक घरीच होत, आणि ओली बाळंतीण व बाळ पहिले काही दिवस घराबाहेर पडत नसत. रुग्णालय लांब, वाहन नाही, मजुरी बुडणार. बाळाला दवाखान्यात आणा असे वर्षानुवर्षे सांगून झाले होते. आता उलटा विचार झाला: बाळ येत नसेल तर उपचार बाळाकडे जातील. प्रत्येक गावातली, पाचवी-दहावी शिकलेली एक बाई निवडून तिला बाळाचे वजन करणे, ऊब देणे, श्वास अडलेल्या बाळाला श्वास देणे आणि जंतुसंसर्ग झाल्यास इंजेक्शन देणे इथपर्यंत शिकवले. ती आरोग्यदूत. ती परकी नव्हती. बाळंतिणीची जाऊ, शेजारीण, वहिनी असे काहीतरी नाते लागणारी होती. तिसऱ्या वर्षापर्यंत या गावांतला नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांच्या हिशेबाने ६२ टक्क्यांनी घटला. १९९९ साली ते ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले, २००९ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी नवजात बाळासाठी घरभेटींची शिफारस केली, आणि २०११ साली भारत सरकारने ही पद्धत आशा कार्यकर्त्यांमार्फत देशभर स्वीकारली.

आज बाळ दवाखान्यात जन्मले तरी घरी आल्यावर आशाताई येतात. तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. त्यांच्या पिशवीत वजनकाटा असतो, थर्मामीटर असतो, घड्याळ असते, आणि भरायचा एक फॉर्म असतो. बाळाचे तापमान, वजन, बेंबी, डोळे हे सगळे त्या फॉर्मवर आहे, पण ते पुढे. त्याचा पहिला भाग आईला विचारायच्या प्रश्नांचा आहे, आणि त्यातला पहिला प्रश्न असा, की चोवीस तासांत तुम्ही पोटभर किती वेळा जेवता?